लाकडी जोडी, काळी जोडी

"हे एकट्या माणसाला चालवता येतील ना?" बायकोने दुकानदाराला विचारलं, तेव्हा नवरा गुडघ्यांवर बसून काळ्या स्पीकरच्या पाठीमागे काय काय आहे ते बघत होता. प्रश्न त्याच्या डोक्यावरून गेला, म्हणजे अगदी खरोखरच, कारण ती दोघं उभी होती आणि हा खाली. तो लगेच उठला नाही. उठला असता तर तिचा चेहरा दिसला असता, आणि चेहरा बघितला की आवाज नीट लक्षात राहत नाही, हा त्याचा कामातला अनुभव होता. "अगदी आरामात," चष्मेवाला दुकानदार म्हणाला, "एक बटण दाबायचं. फोनवरून लावलंत तर तेही नको." "बरं झालं," ती म्हणाली. एवढंच. पण त्या 'बरं झालं'मध्ये सुटका झाल्यासारखा एक श्वास होता आणि तो त्याने टिपला. घरात माणसं दोन. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेल्यापासून दोनच. दोघांतून एकटं माणूस उरायचं तर एकाने कुठेतरी जायला हवं. 'असं का विचारलंस?' हे त्याने तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं, दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं. त्याऐवजी त्याने दुकानदाराला, स्पीकर भिंतीपासून किती लांब ठेवावा लागतो, असं विचारलं आणि दुकानदाराने दिलेलं लांबलचक उत्तर न ऐकता मान डोलावली. शेवटी दुकानदारच म्हणाला, काळी आणि लाकडी, दोन्ही जोड्या घरी न्या, आठवडाभर ऐका, नको ती परत आणा. बायको लगेच तयार झाली. घरात आणायच्या वस्तूबद्दल ती इतक्या चटकन कधी तयार होत नसे, हेही त्याने टिपलं.

तो चिनी मातीच्या कपबश्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. भट्टीतून निघालेला कप डाव्या हाताच्या बोटांवर तोलायचा, लाकडी दांडीने हलकेच ठोकायचा आणि ऐकायचं. चांगला कप खणखणतो, चिरलेला बद्द वाजतो. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण ती आवाजात बसलेली असते. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाचा कान चांगल्या कपाची दखलच घेत नाही. खणखणीत आवाज आला की कान पुढे जातो आणि बद्द आला की थांबतो. म्हणजे जगात काय नीट चाललंय हे त्याला कळायचंच नाही, कळायचं ते काय बिघडलंय. कारखान्यात या गुणाला पगार होता. घरी मात्र मुलीने लहानपणीच त्याचं नाव ठकठक ठेवलं होतं. त्याने कुणाला काही खोदून विचारलं की मायलेकी एकमेकींकडे बघून म्हणायच्या, झालं, ठोकायला लागले. तोही हसायचा. आता टॅक्सीत मांडीवर काळ्या जोडीचं खोकं धरून बसल्यावर त्याला वाटलं, या दोघी हसून विषय बदलायच्या तेव्हा प्रत्येक वेळी खाली काहीतरी होतं की काय. पलीकडे बायको लाकडी जोडीचं खोकं पोटाशी धरून बाहेर बघत होती. गुणगुणत नव्हती, बोलत नव्हती, नुसती बघत होती. सरळ मनाचं माणूस इतकं सारखं बाहेर कशाला बघेल?

जुना ॲम्प्लिफायर जळला म्हणून हे सगळं आलं. जुन्या यंत्राचा एक क्रम होता: आधी भिंतीतलं बटण, मग खालचा डबा, मग थोडं थांबायचं, मग वरचा डबा, मग आवाजाची चकती शून्यावर आहे ना ते बघून सगळ्यात शेवटी स्पीकरची कळ. क्रम चुकला की आतून धप्प असा आवाज यायचा आणि त्याच्या छातीत कळ उठायची. बायकोने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी कधीतरी धप्प करवला होता. तो रागावला नव्हता, त्याने फक्त डोळे मिटून घेतले होते. त्यानंतर यंत्र तोच लावायचा. नव्या जोड्यांत मात्र डबाच नव्हता. ॲम्प्लिफायर स्पीकरच्या पोटात. बिनतारी म्हणे, आणि मागे बघावं तर प्रत्येकाला विजेची वायर आहेच. एक मुख्य, दुसरा त्याचं ऐकून वाजणारा. बटण दाबलं की मुख्य लगेच जागा होई आणि दुसरा किंचित उशिरा, आळसावून. त्याने पुस्तकांचं कपाट अर्धं रिकामं केलं, दोन्ही जोड्या एकाच फळीवर मांडल्या, मधोमध समोर आपली खुर्ची ठेवली. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर बसलं तरच आवाज समोर उभा राहतो. तशी जागा एकच असते आणि त्या जागेवर खुर्चीही एकच मावते. बायको नेहमीप्रमाणे बाजूच्या सोफ्यावर बसली. तिथून एकच स्पीकर ऐकू येतो, हे त्याला माहीत होतं. पण तिला कुठे फरक कळतो, हेही त्याला माहीत होतं.

काळी जोडी पहिल्या मिनिटातच त्याच्या मनात भरली. तिच्यात गाणाऱ्याने घेतलेला श्वास दिसायचा, वाजवणाऱ्याचं नख तारेला लागलेलं दिसायचं, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कुणीतरी पाय हलवलेला दिसायचा. लाकडी जोडी सगळ्यांना सांभाळून घेई. तिचा खर्ज भिंतीला लागून घुमत होता आणि वरचे सूर जरा निजल्यासारखे होते. "लाकडी ऐकून कुणी खरं बोलतंय की खोटं ते कळायचं नाही," तो म्हणाला. "गाण्यात कोण खोटं बोलतं?" बायकोने विचारलं. त्याने तिच्याकडे वळून बघितलं. ती सोफ्याचा सुटलेला धागा ओढत होती. तिचं म्हणणं लाकडी घ्यावी. का? तर बरी वाटते. बरी म्हणजे कशी? म्हणजे बरी. तिच्याकडे याहून जास्त शब्द कधीच नसत, आणि आजवर त्याने ते तिचं अडाणीपण म्हणून सोडून दिलं होतं. लपवणारं माणूसही कमीच शब्द वापरतं, हे त्याला आजच सुचलं.

ती आधी त्याच्याच कारखान्यात होती, कपांच्या काठावर सोनेरी रेघ ओढायच्या विभागात. ठोकण्याची खोली आणि रंगवण्याची खोली यांच्यामध्ये एक पातळ फळी होती. रेघ ओढताना बायका गुणगुणायच्या आणि ठोकण्याच्या खोलीत तर शांततेचा नियम, म्हणून याने फळीवर दोनदा टकटक करायचं, की पलीकडे गप्प. एकदा गप्प झाल्यावर पलीकडूनही दोनदा टकटक आली आणि हशा पिकला. ती टकटक करणारी ही. लग्न तिथून जमलं. पुढे ती नोकरी सोडून सकाळच्या शाळेत शिकवायला लागली, मुलगी झाली, यंत्र आलं, आणि शांततेचा नियमही कारखान्यातून घरी आला. गाणं लावलं की भांड्याचा आवाज नको, बोलणं नको, पंखासुद्धा मंद. त्याला हे कधी जाचक वाटलं नव्हतं. संध्याकाळी दोघं मिळून गाणी ऐकतात, असंच तो सगळ्यांना सांगायचा, आणि त्याचा संसार ज्या एका गोष्टीवर उभा आहे असं त्याला मनापासून वाटायचं ती हीच होती. म्हणूनच तर तो घाबरला होता. ती निघून गेली तर त्या मधल्या खुर्चीत बसून ऐकायचं तरी काय?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने मुलीला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "आई काही बोलली का गं तुला?" "कशाबद्दल?" "असंच. कुठे जाण्याबिण्याबद्दल." मुलगी जराशी थांबली. तो ते थांबणं ऐकत राहिला. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही ठोकताय." "मी साधं विचारतोय." "साधं तुम्हाला विचारताच येत नाही. आईलाच विचारा ना." "तिला विचारलं तर ती 'काही नाही' म्हणेल." "मग काही नसेल!" मुलगी हसली, पण हसणं लवकर संपलं. "बाबा, आईच्या आवडीचे स्पीकर घ्या. खरंच. एवढं ऐका माझं." म्हणजे स्पीकरबद्दल दोघींचं बोलणं झालं होतं. त्याने फोन ठेवला आणि दुपारभर इतके कप बाजूला काढले की शेजारी बसणारा म्हातारा तपासनीस म्हणाला, "काय रे, आज भट्टीचं वाटोळं झालं की तुझं?"

कारखान्यात तपासनिसांनाही तपासायची एक रीत होती. मुकादम चांगल्या कपांच्या ताटात गुपचूप एक चिरलेला कप पेरायचा. तो सापडला नाही तर तपासनीस झोपलाय असं समजायचं. त्या संध्याकाळी त्याने हीच रीत घरी वापरली. कपाटावर चादर टांगली, बायकोला चक्क मधल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः कपाटाशी उभा राहिला. "आता पहिली," तो म्हणाला आणि गाणं लावलं. ती हात मांडीवर ठेवून परीक्षेला बसल्यासारखी बसली होती. "आता दुसरी." त्याने चादरीमागे हात घातला, काहीच बदललं नाही, तेच गाणं त्याच काळ्या जोडीवर पुन्हा लावलं. "काय वाटतं?" "ही जास्त बरी," ती म्हणाली. सापडली! त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडासा झालाही. त्याने चादर काढली. "दोन्ही वेळा काळीच होती." "माहितेय," ती म्हणाली. "काय माहितेय?" "दुसऱ्या वेळी तू हात नुसताच आत घातलास. खांदा हललासुद्धा नाही." "मग बरी का म्हणालीस?" "तुला मला पकडायचं होतं ना? म्हटलं, पकड." ती उठून सोफ्यावर जाऊन बसली. रागावलेली नव्हती, हेच जास्त वाईट. "म्हणजे तू मला हवं तेच उत्तर देतेस? नेहमी?" "नेहमी कुठे," ती म्हणाली, "तू विचारतोस तेव्हा." आणि चहा टाकू का म्हणून विचारलं. त्याच्या तोंडाशी आलं होतं: एकटं माणूस कोण? तो म्हणाला, टाक.

नको ती जोडी परत करायचा दिवस जवळ आला. सकाळी कामावर निघताना त्याने स्पीकरचं ॲप उघडलं. खरं तर आवाज कमीजास्त करायचं ते साधन, पण त्यात आधी कोणता फोन कधी जोडला होता तेही दिसे. लाकडी जोडी. बायकोचा फोन. काल दुपारी. परवा दुपारी. त्याआधीही दुपारीच. काळीला तिने हातसुद्धा लावला नव्हता. तो कपाटासमोर उभा राहून खुर्चीकडे बघू लागला. खुर्ची रोज संध्याकाळी किंचित सरकलेली असायची, ते त्याने झाडूपोछ्यावर ढकललं होतं. दुपारी ती शाळेतून येते आणि तो येईपर्यंत घरात असते. एकटी असते असं तो धरून चालला होता. धरून चालणं म्हणजे न ठोकता कप खोक्यात भरणं. तिची बहीण येत असेल. किंवा दुसरं कुणी, ज्याला लाकडी जोडी बरी वाटते. त्याने त्या माणसाला दाढीसुद्धा चिकटवली, सावकाश बोलणारा आवाज दिला आणि मग स्वतःचीच लाज वाटून मोजे चढवले. "येते हं मी," दारातून बायको म्हणाली, तिची शाळा आधी भरायची. दार लागलं. 'येते' म्हणाली, 'जाते' कुणीच म्हणत नाही, तरीसुद्धा तो त्या शब्दापाशी थोडा वेळ उभा राहिला.

दुपारी डोकं दुखतंय सांगून तो कारखान्यातून निघाला. डोकं खरंच दुखत होतं. इमारतीचा जिना चढताना त्याने बूट हातात घ्यावेत की काय असा विचार केला, पण तेवढी वेळ अजून आली नव्हती, म्हणून तो चवड्यांवर चढला. अर्ध्या जिन्यातच गाणं ऐकू आलं. ते एक जुनं, लाडीक, सवंग गाणं होतं. मुलगी लहान असताना ते कुठेतरी लागलं होतं आणि तो म्हणाला होता, बाईचा आवाज बद्द आहे. त्यानंतर ते घरात लागलं नव्हतं. दाराशी आल्यावर त्याला दोन आवाज ऐकू आले. एक लाकडी जोडीतला. दुसरा पुरुषाचा नव्हता. बायको गात होती. गुणगुणत नव्हती, गात होती, मोठ्याने, तोंड उघडून, जो त्याने संसारात एकदाही ऐकला नव्हता असा आवाज लावून. तिची पावलंही ऐकू येत होती, गाता गाता ती खोलीभर फिरत होती. वरच्या सुरावर आवाज फाटला. त्याच्या कानाने आपलं काम चोख केलं: सूर चढा, श्वास अपुरा, दुसऱ्या ओळीत ताल सुटला. ती थांबली नाही. फाटलेल्या जागेवरून तशीच पुढे गेली, आणि पुन्हा ती ओळ आली तेव्हा पुन्हा फाटली, आणि ती हसली. एकटीच हसली. त्याच्या हातात चावी होती. ती कुलपात घातली की आतलं सगळं बंद होणार, हे त्याला कुणी न सांगता कळलं, आणि दुकानातल्या त्या प्रश्नातलं एकटं माणूस कोण तेही कळलं. कुणी कुठे जाणार नव्हतं. त्याला हायसं वाटलं आणि तरीही तो पायरीवर खाली बसला.

समोरचं दार उघडून शिवणकाम करणाऱ्या बाई बाहेर आल्या, गळ्यात मापाची पट्टी. "अय्या, तुम्ही? चावी विसरलात का? बेल वाजवा की, त्या घरातच आहेत." "असू दे," तो हळू म्हणाला, "गाणं होऊ दे." "होऊ दे, होऊ दे," बाईंनीही आवाज खाली आणला. "छान सोबत होते बघा मला. मशीन चालवताना बरं वाटतं." "रोज गाते?" "रोजच. तुम्हाला माहीत नाही?" त्या हसल्या, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. "हे नवीन स्पीकर आणल्यापासून का?" त्याने विचारलं. "छे, छे. कधीपासूनच. आधी नुसत्याच गायच्या, आता साथीला बाजा आला इतकंच." पट्टी बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "मी घड्याळ बघतच नाही. त्यांचं गाणं थांबलं की समजायचं, आता तुम्ही येणार. मग मी मशीन झाकते आणि चहा टाकते." त्यांनी हे अगदी सहज, कौतुकाने सांगितलं. तो उठला. "मी आलो होतो हे सांगू नका," तो म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की नवराबायकोच्या भानगडीत आपण कशाला पडा, आणि मान हलवली.

मग रोजच्या वेळेपर्यंत तो रस्त्यांवरून फिरत राहिला. एका दुकानाच्या काचेसमोर उभा राहिला, दुसऱ्या दुकानाच्या काचेसमोर उभा राहिला. आपण बायकोला कधी गाऊ नको म्हटलं होतं का, ते आठवून बघत होता. म्हटलं नव्हतं. एकदाही नाही. ते न म्हणताच झालं होतं, याचा त्याला फार राग आला, आणि तो राग कुणावर काढावा ते कळेना. संध्याकाळी एकत्र ऐकतो आपण, हे तो लोकांना सांगायचा तेव्हा ती शेजारी उभी राहून हसायची. ते हसू आता त्याला एकेक करून आठवायला लागलं. घरी जाऊन सांगून टाकावं: ऐकलं मी, गा. पण 'गा' म्हटल्यावर ती काय करेल ते त्याला दिसत होतं. ती सोफ्यावर हात मांडीवर ठेवून बसेल आणि त्याला हवं तसं गाईल.

तो घरी पोचला तेव्हा सगळं शांत होतं. खुर्ची मधोमध होती, दोन्ही जोड्या आपापल्या जागी, पुसून घेतल्यासारख्या. बायकोने पाण्याचा पेला आणून दिला. "काळी परत करू," तो म्हणाला, "लाकडी ठेवू." ती थांबली. "का?" "बरी आहे." "काळी आवडली होती ना तुला? सगळं कसं दिसतं म्हणत होतास." "लाकडीही चांगली आहे. भिंतीजवळ बरी चालते." "परवा तर म्हणालास, भिंतीजवळ घुमते." म्हणजे तिने ते ऐकलं होतं, लक्षातही ठेवलं होतं. त्याने पाणी प्यायला वेळ लावला. "नसेल घुमत," तो म्हणाला, "कपाटाच्या फळीमुळे असेल. तुला आवडली आहे ना, मग झालं." "मला आवडली म्हणून तू घेतोयस?" तिने शब्दन् शब्द सावकाश, तोलून म्हटला. तिचे डोळे बारीक झाले होते. पेला घ्यायला पुढे केलेला हात तसाच राहिला. "डॉक्टरकडे गेला होतास का? तब्येत बरी आहे ना?" "बरी आहे." "कारखान्यात काही झालं?" "काही नाही." "मग असा का वागतोयस? कुठे निघालायस का मला टाकून?" शेवटचं तिने हसून म्हटलं, पण हसू पुरलं नाही. "नाही," तो म्हणाला, कपाटाकडे बघत. ती त्याच्या आणि कपाटाच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"माझ्याकडे बघून सांग," ती म्हणाली.